पापा, इकडं बग

"न्हाई ताई, उठून काय करू? उभ्यानं काढला तर लेकराचा निस्ता भांग यितोय फोटूत. मी बसलेलाच बरा हाव."

गालिच्यावर मांडी ठोकून नामदेवराव बोलत होते. समोर उभी रसिका, वाढदिवसवाल्या पोरीची आई, स्टेजकडं हात करत होती. "पण काका, केक तिकडं वर आहे!"

"मग केकलाच खाली आना की."

बोलणं खोटं नव्हतं. लेकराचा फोटो त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून घ्यावा, तोंडावर फ्लॅश मारू नये, हस हस म्हणून मागं लागू नये, हे नामदेवरावांच्या हाडात मुरलेलं. पण न उठण्याचं कारण वेगळंच होतं. तासाभरापूर्वी ते खाली बसले आणि उजवा गुडघा अडकला. धरून उठायला जवळ ना खांब ना खुर्ची. फुग्यांच्या गराड्यात मधोमध, गाळात रुतलेल्या म्हशीगत बसून होते.

आणि दारात विजय उभा. हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या या हॉलमधली फोटोची कामं तोच वाटायचा. मागच्या महिन्यात त्यानं यांना जिना चढताना पाहिलं होतं. "उस्ताद, घुटने गये तो बोल देना. छोकरे भौत हैं." म्हणाला हसतच, पण त्या दिवसापासून नामदेवराव त्याच्यासमोर लंगडत नसत.

नामदेवराव म्हणजे देगलूरकडचा माणूस. विशीत इथल्या कोठी भागातल्या एका स्टुडिओत फोटो धुवायला आला आणि इथलाच झाला. लग्नांचे फोटो काढले, बारशांचे काढले. आता लग्नांत ड्रोन उडवणारी पोरं आली, यांच्या वाट्याला वाढदिवस उरले. तेही गेले तर घरीच बसायचं.

केक खाली आला. बुटक्या टेबलामागं दोन वर्षांची योगिनी बसली, खिडकीचा उजेड नेमका गालावर. नामदेवरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "पापा! ए पापा, इकडं बग!"

पोरीनं गर्रकन मान वळवली. पुन्हा "पापा!" पुन्हा मान तिसरीकडंच. दहा फोटो काढले, दहाही कानाचे.

"काका, एकातही ती समोर बघत नाहीये हो!" रसिकाचा आवाज चढला. तो ऐकून विजय दारातून त्यांच्याकडं निघाला. नामदेवरावांनी उठायला जोर लावला. गुडघ्यातून अशी कळ गेली की ओरडणं गिळून त्यांनी उगंच लेन्स पुसायला घेतली.

तेवढ्यात पोरीचा बाप हर्षद हसत पुढं आला. "अहो काका, पापा म्हणजे मी! ती मला शोधतेय."

मंडळी पुण्याची, हैदराबादेत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. इथं तर गल्लोगल्ली लहान पोरीलाच पापा म्हणतात, तेलुगूतलं. तीस वर्षांत नामदेवरावांच्या जिभेवर तोच शब्द बसलेला.

"असं हाय व्हय! मग सायेब, तुमीच माज्या मागं यिऊन बसा. आजून जवळ. हाव. पापा!"

योगिनीनं सरळ लेन्सकडं पाहिलं. नाकाला क्रीम लागलेलं तोंड एकदम उघडलं आणि ती खिदळली. बाप सापडला होता.

हर्षद उठायला लागला. फोटो दाखवायचं निमित्त करून नामदेवरावांनी त्याचा खांदा धरला आणि त्याच्यासंगंच वर आले. कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाय लटलट कापत होता, तो त्यांनी टेबलाआड केला.

विजय पोचला तेव्हा रसिका कॅमेऱ्यावर वाकली होती. "काय गोड आलाय! काका, आता सगळे असेच घ्या, खाली बसूनच. पुढच्या रविवारी माझ्या मैत्रिणीच्या जुळ्यांचा वाढदिवस आहे. तिला सांगते, हे जमिनीवर बसणारेच काका हवेत."

"क्या टेकनिक है उस्ताद!" विजय म्हणाला. "अब से बैठकेच लेना."

"हौ," नामदेवराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पोरं गोल करून बसायला लागली होती. नामदेवरावांनी हॉलभर नजर फिरवली. कडेला एक खांब होता, पण तिथं अंधार. उजेड गालिच्याच्या मधोमधच होता. त्यांनी आधी डावा गुडघा टेकला, मग दात आवळून उजवा. कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागं न बघताच हाक मारली, "हर्षदसायेब, या बरं, बसा माज्या मागं."