नवऱ्याची सही

सांगलीतल्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथे गर्भपाताचे फॉर्म भरून घेणं माझ्याकडे असतं. सज्ञान बाईला फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, कुणाचीच नाही. तरी मुलगी नको म्हणून गर्भ पाडणारे कुठे पकडले गेले, की गावोगावी गर्भपात म्हणजे गुन्हाच वाटू लागतो. चहाच्या वेळी आमच्यातही वाद व्हायचे. एक म्हणायची पाप, दुसरी म्हणायची हक्क. मी हक्काच्या बाजूने तावातावाने बोलायचे.

बोलायला काय जातं? लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. उपचार करून करून थकले होते.

त्या सकाळी कवठे महांकाळकडची एक बाई आली. माझ्यापेक्षा लहान. एक मुलगा, एक मुलगी घरी ठेवून आलेली. सातवा आठवडा होता. नवरा फौजेत, नुकताच सुट्टीवर येऊन गेलेला.

"तिसरं नगं, सिस्टर. नर्सिंगला नंबर लागलाय माजा. लय खटपट केलीया त्याच्यासाठनं," ती म्हणाली आणि माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघून हसली.

माझा नुसता जळफळाट झाला. मला एक मिळेना आणि हिला तिसरं नकोसं झालंय! वर माझ्यासारखी नोकरीही हवी. सगळं हिलाच का?

फॉर्म तिच्या पुढ्यात होता, पेन हातात. मी म्हणाले, "नवऱ्याची सही लागेल."

"आवं, त्येनी तिकडं लांब ड्यूटीवर. माज्या एकटीची चालत न्हाई व्हय?"

"नाही चालत."

तिने पेनाला टोपण लावलं, पिशवी उचलली आणि गेली. डॉक्टरबाई हाकेच्या अंतरावर होत्या, पण मी हाक मारली नाही. उलट दिवसभर मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? फॉर्मवर तिचा फोन नंबर होता. तो कागद आठवडाभर ड्रॉवरमध्ये पडून राहिला, फोन काही मी केला नाही.

पुढच्या वर्षी लसीकरणाच्या रांगेत ती दिसली. कडेवर तान्ही मुलगी. तेव्हाही लाज वाटायच्या आधी मला हेवाच वाटला.

"सही लागत न्हवती म्हनं," बाळाला टेबलावर ठेवत ती म्हणाली. "गावच्या आशाताईनं मागनं सांगितलं. पर नवऱ्याला सहीसाठनं फोन केला, तवाच सासूला कळलं हुतं. मग कोन सोडतंय मला? नर्सिंगबी ऱ्हायलं."

मी बाळाची मांडी पुसत राहिले.

"मग मागितली कशापायी?"

सबबी खूप सुचल्या. पण तोंडातून खरंच निघालं. "तुझा हेवा वाटला."

आता ही आरडाओरडा करणार, तक्रार करणार, असं वाटलं. तिने बाळाचं झबलं सारखं केलं.

"मलाबी तुमचा वाटला हुता," ती म्हणाली. "तुमी रजिस्टरात भराभर सह्या करत हुतासा. म्हनलं, आपनबी अशाच करायच्या."

सुई टोचली तसं बाळ रडलं. तिने त्याला छातीशी धरलं आणि लसीचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. माझा हात काही पुढे जाईना.

"करा की सही," ती म्हणाली. "तुमास्नी कुनाला इचारायचं हाय?"