मंजुळाबाईच्या शिव्या

मंजुळाबाईच्या तोंडच्या शिव्या खाल्ल्याशिवाय चोपड्याकडच्या व्याह्यांना लग्नात जेवल्यासारखं वाटत नसे. पंगत बसली की ती पदर खोचून उभी राहायची आणि वरपक्षातल्या एकेकाचं नाव घेऊन अहिराणीत कडवं रचायची. रिवाजच तसा. ज्याचं नाव निघेल त्यानं हसायचं, रागावला तो हलका. एरवी घरात ब्र न काढणाऱ्या बायका तेवढ्या पंगतीपुरत्या कुणाच्या बापाला भीत नसत. मंजुळाबाई तर आधीपासून चौकशा करायची : कोण मिशा रंगवतो, कोण सासुरवाडीला घोरतो.

भाची मोहिनीचं लग्न धुळ्याच्या एका लॉनवर ठरलं. मोहिनीचा भाऊ नवल त्यासाठी अमेरिकेहून आला. हळदीच्या दिवशी तो फुईजवळ, म्हणजे आत्याजवळ, बसून सांगू लागला, "तिथे कापूस वेचणाऱ्या गुलामांनी दुःखं गाण्यात सांगितली, फुई. आज तेच गाणं त्या देशाची ओळख आहे. सरकारलाही तोंडावर सुनावतात, कुणी अडवत नाही."

"कापूस ते आम्ही बी येचतस," मंजुळाबाई म्हणाली.

"म्हणून तर उद्या तू गायचंच. माईक देतो तुला."

भाच्यानं माईक देऊ केल्यावर ती फुगली नसती तरच नवल. तिनं खास कडवं जुळवलं. व्याही गिरधरआप्पा रस्त्यांचे ठेकेदार. मंजुळाबाईच्या गावचा रस्ता त्यांनीच केलेला, आणि पहिल्याच पावसात तो नाल्याला मिळालेला. तिच्या सुनेला बाळंतपणाला बैलगाडीतून न्यावं लागलं होतं. मूल वाटेतच गेलं.

पंगत बसली. पहिलं कडवं नवरदेवाच्या मामाच्या मिशांवर झालं. पंगत हसली, मामाही हसला. दुसऱ्यात रस्ता आला, नाला आला, बैलगाडी आली. गिरधरआप्पांचा घास हातातच राहिला. मंजुळाबाई बाळापर्यंत पोचणार, तोच नवलनं धावत येऊन माईक काढून घेतला.

"फुई, पोरगी द्यायचीय त्या घरात. जरा साधं काहीतरी गा ना."

त्यानं डीजेला खूण केली. कुठलंसं अमेरिकन गाणं दणाणलं. पोरं नाचायला उठली, गिरधरआप्पांचेही खांदे हलू लागले.

"हाऊ काय म्हनस?" मंजुळाबाईनं विचारलं.

"शिव्या देतोय. तिथल्या पोलिसांना."

"आनि आपला व्याहीले चालस?"

"त्यांना कुठे कळतंय, फुई."

पाठवणीच्या वेळी मोहिनीच्या आईनं, रत्नानं, नणंदेचा दंड धरला. "अक्का, माफी मागून टाका. उद्या पोरीला टोमणे नकोत." मंजुळाबाईनं एकदा मोहिनीच्या भेदरलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि हात जोडले. गिरधरआप्पा मोठ्या मनाचे. "चालायचंच," ते म्हणाले, "खेड्यातली माणसं."

तिकडे अमेरिकेत खान्देशी मंडळाच्या स्नेहसंमेलनात नवलनं तिचा व्हिडिओ लावला. मिशांपर्यंतचाच. आपल्या मातीचा मोकळा आवाज, असं तो म्हणाला, आणि लोकांचे डोळे पाणावले. ती क्लिप त्यानं फुईला कौतुकानं पाठवली. मंजुळाबाईनं ती शेवटपर्यंत पाहिली. रस्ता आलाच नाही. तिनं मोबाईल सुनेच्या हाती पडू न देता बंद केला. त्यानंतरच्या लग्नांत ती इतरांसारखी जेवते आणि घरी येते.