शेजाऱ्याचा आफ्रिकन कप

तो स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरात आमच्या शेजारी राहायचा, तेव्हा दर हिवाळ्यात त्याच्यासारख्या इथे स्थायिक झालेल्या आफ्रिकन लोकांचा छोटासा फुटबॉल कप भरवायचा. मैदानाचं बुकिंग, जाळ्या, रेफ्री, सगळं तोच बघायचा. सगळ्यांना ‘कॅप्टन’ म्हणायचा, अगदी मलाही. आफ्रिकन देशांच्या १९५७ मधल्या पहिल्या कपाबद्दल मात्र ‘आम्ही’ म्हणून बोलायचा. “आम्ही चार देश खेळणार होतो, कॅप्टन. दक्षिण आफ्रिका गोऱ्या-काळ्यांचा एकत्र संघ पाठवेना. मग आम्ही तिघेच खेळलो.” खरं तर तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता, आणि त्याचा देश त्या तिघांत नव्हता.

शेवटच्या वर्षी त्याच्याच देशाचा संघ स्वतःच्या गोलकीपरला खेळवेना, कारण तो दुसऱ्या जमातीचा होता. संघाचा कर्णधार त्याचा सख्खा भाऊ.

“जाऊ दे ना, मेट,” मी म्हणालो. “एवढी मॅच होऊ दे.”

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. भावाला म्हणाला, “कॅप्टन, तुमचा संघ बाद.”

“आईला फोनवर काय सांगशील?” भावाने विचारलं.

“हेच सांगेन.”

भाऊ, खेळाडू, त्यांची बायकामुलं डबे उचलून निघून गेली. कप उरलेल्या तीन संघांत झाला. तो घरच्यांसाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांत एकटाच बसून प्रत्येक गोलला टाळ्या वाजवत होता.

आता तो हजारो किलोमीटर दूर, डार्विनला असतो. रविवारी त्या मैदानावरून जाताना त्याची ‘कॅप्टन’ ही हाक आठवते. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसायला हवं होतं. पण त्याच्या भावाकडेही आमचं जाणंयेणं होतं, म्हणून मी झाडाखालीच उभा राहिलो.