व्हर्नाबाईंचे तीन डबे
कॅनडात, नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बीन्स आणि काकवीच्या पावाचं जेवण असतं. ताट खरवडायला गेलात की कचऱ्याच्या डब्यांपाशी व्हर्नाबाई झ्विकर उभ्याच. हिरवा डबा उष्ट्याचा, तो खताला जातो. निळा बाटल्या-डब्यांचा. काळ्यात फक्त जे कुठेच जात नाही ते. आम्ही सगळे त्यांच्या हाताखालून गेलोय. शेवंडाची कवचं वर्तमानपत्रात गुंडाळून हिरव्यात टाकायची, हे त्यांनी पाद्रीबुवांनाही चारचौघांत खडसावून शिकवलं. नवरा गेल्यावर बाई घरी बसल्या नाहीत, इथे येऊन उभ्या राहिल्या. "गावाला वळण मी लावलं," असं त्या ठणकावून सांगायच्या, आणि कोणाची नाही म्हणायची टाप नव्हती.

मग रॉडनी कॉनराड हॉलचा अध्यक्ष झाला. त्याने डबे हलवले आणि एक गुळगुळीत लाकडी कपाट आणलं. वर तीन गोल भोकं, प्रत्येकावर काय टाकायचं त्याचं चित्र.

"आता तू बस, व्हर्ना. निवांत जेव," तो म्हणाला. "चित्रं आहेत ना! लोक काय आंधळे आहेत?"

गोड बोलून म्हातारीला हाकललं, दुसरं काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र निमूट बसल्या.

दोन आठवड्यांत एकाचा चमचा भोकात पडला. तो काढायला बाईंनी कपाटाचं दार उघडलं. आत तीन भोकांखाली एकच काळी पिशवी!

"रॉडनी! हे काय आहे?"

"ओरडू नकोस गं. तीन-तीन डबे कोण उचलणार? लोकांना वेगळं टाकल्याचं समाधान मिळतं, पुरे झालं."

"समाधान? अरे मेल्या, गावाला उल्लू बनवतोस आणि वर तोंड करून सांगतोस? पुढच्या शनिवारी दाखवतेच सगळ्यांना. माझ्या हाताखालची माणसं आहेत ती. तुला पळता भुई थोडी करतील आणि माझे डबे परत आणतील."

पुढच्या शनिवारी त्यांनी कपाटाचं दार सताड उघडलं आणि शेजारी उभ्या राहिल्या. हॉल भरलेला होता. "बघा, तिन्ही भोकांतलं एकाच पिशवीत जातंय," त्या मोठ्याने म्हणाल्या.

सगळ्यांनी बघितलं. ग्लॅडिस आयझनर हसली, "अगं बाई, खरंच की!" आणि तिने उरलेले बीन्स पहिल्या भोकात सारले, बाटली दुसऱ्यात टाकली. तिच्यामागच्याने तेच केलं. मग त्याच्यामागच्याने. पिशवी डोळ्यांसमोर भरत होती आणि ही शहाणी माणसं रांगेत उभी राहून चित्रं बघून नीट वेगळं टाकत होती. एकाला लाज वाटेल तर शपथ! मी ओरडले, तर पाद्रीबुवांनी मला गप्प बसायची खूण केली.

व्हर्नाबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. तेवढ्यात मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "व्हर्ना, ते दार लाव ना. वास येतोय, आम्ही जेवतोय."

बाईंनी दार लावलं.