अंगणातली वाळू मी धुऊन काढली

हातातला चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर सांडाल! मी लाजाळू माणूस. चारचौघांत तोंड उघडत नाही, आणि न बोलता जे करायला जातो ते असं होऊन बसतं.

शाळा अर्ध्यातच सुटली. तेव्हापासून बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आहे. माझं काम काय? ओतीव लोखंडाला चिकटलेली साच्याची वाळू काढणं. एक कण राहिला तरी सुपरवायझर बोंब मारतो. त्यामुळे वाळू दिसली की माझे हात शिवशिवतात.

तर, माझं लग्न जमत आलं होतं. मुलगी पसंत होती. मला तर फारच! फक्त मुलीकडची माणसं आमचं येळ्ळूरचं घर बघायला यायची राहिली होती. त्यासाठी आमच्या वडिलांनी, आप्पांनी, अंगणात नवे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले.

त्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपवून घरी आलो, तर आप्पा पेढे आणायला बेळगावला गेलेले, आणि अंगणभर बारीक वाळू! दुपारी पाहुणे येणार, आणि हे?

"आई, ह्यो राडा कुणी केला गं?"

"गवंड्यानं! मला इच्यारू नको, कढईत तेल तापलंय!"

मग काय, मोटार चालू केली. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की काय धार लागते म्हणता! वरची वाळू गेली. फटींतली निघेना, तर उकिडवा बसून एकेका फटीत धार मारली. कामाला नाव ठेवायला जागाच नको! सगळी वाळू गटारात. अंगण लखलखीत.

एवढ्यात आप्पा आले.

"अरं, वाळू कुठं गेली?"

"काढली की!"

"काढली? मुद्दाम टाकलती रं ती! फटीत बसून ब्लॉक घट व्हायला! चार दिस झाडूसुदिक लावू नका म्हणून गवंडी सांगून गेलाय!"

आणि फाटकात गाडी थांबली. सगळ्यांत पुढे मुलीचे मामा, पांढरीशुभ्र विजार घालून. पहिलं पाऊल टाकलं. खडक्! ब्लॉक कलला आणि खालचं गढूळ पाणी पिचकारीसारखं थेट गुडघ्यापर्यंत! मामा दचकून दुसऱ्या ब्लॉकवर गेले. तोही डुलला.

"घर बघाय आलाव, का होडीत बसाय?" मामा ओरडले.

आप्पा सावरायला गेले. "या, या! पोरगा आमचा फौंड्रीत हाय. वाळूतलं लई कळतंय त्याला."

मामांनी विजार पिळली. "व्हय, दिसालंय की."

माझे कान तापले. पोरगी हातची जाणार, नक्की! कसंबसं म्हणालो, "मी धुतलं. तुमाला चांगलं दिसावं म्हणून." त्या दिवसातलं माझं एवढंच भाषण. मुलीच्या आईने पदर तोंडाला लावला. रडू आवरायला की हसू, कळेना.

संध्याकाळी मामांचा फोन आला. आप्पांनी स्पीकर लावला. मी दाराआड.

"पोरगं पसंत हाय. कामाला मागं सरणारं न्हाय. फकस्त आमच्याकडं आल्यावर कशाला हात लावायचा न्हाय, एवढं सांगून ठेवा!"

लग्न झालं. सासरची माणसं देवासारखी आहेत, खोटं कशाला बोलू? पण आजही तिथे जेवून मी हात धुवायला उठलो, की सासरे घाईघाईने माझ्यामागून येतात, आणि नळ तेच सोडतात.