करवंटीची कविता

"व्हय म्हाराजा."

मागच्या बाकावरून आवाज आला आणि अख्खा हॉल हसला.

मी कॉलेजच्या काव्यवाचनाला उभी होते. हातात कागद. सुरुवातीच्या ओळी वाचून झाल्या होत्या. पुढची वाचली. पुन्हा "व्हय म्हाराजा." आता तो एकटा नव्हता. मग सगळेच. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा पुरुष मंडळी जसा होकार देतात तसाच, लांबवून, माना डोलवत. पोरीसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

पुढे खुर्चीत मराठीचे सर. त्यांनी कोणाला गप्प केलं नाही. चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं. मी शेवटची ओळ वाचली तेव्हा ते उठले.

"करमणूक छान झाली. पण याला कविता म्हणत नाहीत हो."

मी खाली बसले. कान तापले होते. कागदाची घडी घालून वहीत ठेवली.

कविता हा शब्द आमच्या घरात नव्हता. गाणां होतं. फुगडी होती. कविता शाळेत भेटली. गुरुजी पाठ करून घ्यायचे, अडखळलं की छडी. म्हणजे कविता कोणीतरी लांबच्याने लिहायची आणि आपण पाठ करायची. तिच्यात आंबा मोहरायचा. कलमांना पाणी घालून कंबर धरलेली बाई तिच्यात कधी आली नाही.

कॉलेजात फळ्यावर सूचना लागली, स्वतःची कविता वाचा. मी विचार केला. आपल्या गावात कोणते शब्द लोक उभं राहून ऐकतात? गाऱ्हाणं. जत्रेला मानकरी नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहतो. गावाची दुखणी, अडचणी एकेक करून सांगतो. दूर कर म्हणतो. प्रत्येक मागण्याला माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. म्हणजे मान्य. ते मागणं मग त्या एकट्याचं राहत नाही, व्हय म्हणणाऱ्या सगळ्यांचं होतं.

ते घालायचा मान बायकांना नाही. आमच्या वाडीतल्या पुरुषांनाही नाही. ते पायरीखाली उभे राहतात, आम्ही त्यांच्याही मागे. मी लहानपणापासून ते शब्द पाठीमागून ऐकले. तेवढे भारदस्त शब्द मला दुसरे ठाऊक नव्हते. म्हणून मी कविता तशी लिहिली.

"बा देवा म्हाराजा,
वयल्या घराच्या मागल्या दारी
माझ्या आयेची करवंटी टांगून ठेवली आसा.
ती करवंटी तू खाली काढ."

वयलं घर म्हणजे गावातलं वरच्या अंगाचं मोठं घर. बागायतवाले. आये त्यांच्याकडे अंगण सारवायला, गोठा काढायला जायची. दुपारी तिला चहा मिळायचा. कपबशीत नाही. नारळाच्या करवंटीत. वरून ओतायचे, करवंटीला भांडं लागू नये म्हणून. पिऊन झालं की आये ती धुवायची आणि मागल्या दारच्या जास्वंदीच्या कुंपणात परत अडकवून ठेवायची. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आये, ही आपल्या घराक कित्याक नेत नाय?" ती म्हणाली, "ती हयचीच. गप रव."

हे मी वाचलं होतं. ह्याला ते हसले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. रागावले नव्हते. खुशीत होते.

"गॅदरिंगला हेच म्हण. विनोदी कार्यक्रमात. डोक्याला पंचा बांध, हातात नारळ घे. पोरं व्हय म्हाराजा म्हणतील. धमाल होईल. बक्षीस तुलाच."

मी म्हटलं, "सर, ती कविता आहे."

"अगं, कविता म्हणजे काय ते वर्षभर शिकवतोय ना मी? सौंदर्य लागतं. हे करवंटी, गोठा... आणि ते वरचं घर माझ्या ओळखीचं आहे. चांगली माणसं आहेत. विनोदात खपून जाईल. कविता म्हणून उभी राहिलीस तर त्यांना लागेल."

मी "बघते" म्हणून निघाले.

घरी आये चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. कागद वाचून दाखवला. तिचे हात थांबले.

"करवंटीचा सांगलंस? सगळ्यांदेखत?"

"व्हय."

"हसले?"

"हसले."

"मगे बरां झालां. हसले काय इसारतले." शेंग पुन्हा हातात घेतली. "सर सांगतत तसा कर गो बाय. फार्स म्हणान सांग. बक्षीस देतत तां घे. वयल्या घराकडे कोणी राग धरूचो नाय. उद्या माका कोणी कामाक बोलवचो नाय तर खावचा काय? तुझी कविता?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी उठून विहिरीकडे गेले. पाणी काढलं नाही. नुसती उभी राहिले. सर आणि आये, दोघं एकच सांगत होते. एक खुशीने, एक भीतीने. फार्स म्हणून करवंटी चालते. त्याच ओळी, तीच करवंटी. कविता म्हटलं की चालत नाही. म्हणजे सगळं त्या एका शब्दावर अडलेलं. सर वर्षभर व्याख्या सांगत होते, पण कविता या शब्दाचा वापर मला त्या विहिरीवर कळला. कविता म्हणजे जे ताठ बसून ऐकावं लागतं. जे ऐकताना मध्येच हसता येत नाही. आमच्या तोंडातून निघालेलं असं कोणाला ऐकायचं नव्हतं. म्हणून तो शब्द द्यायचा नव्हता.

गॅदरिंगला मंडप भरला होता. सूत्रसंचालक पोरगा म्हणाला, "आता एक धम्माल मालवणी गाऱ्हाणं." मी पंचा बांधला नव्हता. नारळ घेतला नव्हता. आयेने धुऊन दिलेली साडी होती. माईकपुढे गेले आणि म्हटलं, "ह्यां गाऱ्हाणां नाय. ही कविता आसा."

हशा. मी वाचायला लागले. करवंटीची ओळ आली आणि मंडपातून उठलं, "व्हय म्हाराजा."

मी थांबले. हसणं संपेपर्यंत थांबले.

मग म्हटलं, "देवळात व्हय म्हणतत तेचो अर्थ तुमका म्हायत आसा. व्हय म्हणजे मान्य. तुम्ही आता व्हय म्हटलांत. कोणाकोणाच्या मागल्या दारी अशी करवंटी आसा, तेंनी उभ्यान व्हय म्हणा."

कोणी उभं राहिलं नाही. मागे कुठेतरी एक खुर्ची सरकली, तेवढाच आवाज. मी पुढे वाचलं. मधेच माईक बंद झाला. उरलेलं मी तसंच वाचलं, घशातून, शेतात हाक मारतात तशी. उतरताना सर पायऱ्यांशी उभे होते.

"फार शहाणी झालीस."

"शिकवलंत ना सर," मी म्हटलं.

बक्षीस नकलाकाराला मिळालं.

चार दिवसांत वयल्या घरी पोचलं. आये सारवायला गेली तर मालकीणबाई अंगणाच्या कडेलाच आल्या. "लेक शिकली ना तुझी? आता चहा तिच्याकडेच पी." आये रिकामी शेणाची टोपली घेऊन परत आली. पुढे ती लांबच्या काजूच्या बागेत जायला लागली, पहाटे उठून, चढ चढून. संध्याकाळी पाय सुजलेले असायचे. मी शेकायला बसले की पाय ओढून घ्यायची. किती दिवस तसं चाललं ते मी मोजलं नाही. तिचं मन माझ्यावरून पूर्ण साफ झालं का, हे मी अजून सांगू शकत नाही.

करवंटी तिने आणली नाही. ती तिथेच राहिली. आता दुसरी बाई तिच्यात पीत असणार.

बी. ए.च्या पेपरात प्रश्न आला, कविता म्हणजे काय. मला सरांची व्याख्या तोंडपाठ होती. ती मी लिहिली नाही. विहिरीवर जे कळलं ते लिहिलं. पास झाले, काठावर. आमच्या वाडीत पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो तसा आला. मला त्याची लाज नाही.

अजून लिहिते. शेणाबद्दल लिहिते, काजूच्या चिकाने सोललेल्या बोटांबद्दल लिहिते, सुजलेल्या पायांबद्दल लिहिते. कागद घेतला की सगळ्यात वर, मध्यभागी, तो शब्द आधी लिहिते. कविता. मग खालचं. कोणाला विचारत नाही.

ज्याला मान्य असेल त्याने उभं राहून व्हय म्हणावं. नसेल त्याने गप्प बसून ऐकावं. हसला तर मी थांबेन. त्याचं हसणं संपेपर्यंत थांबेन, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचेन.