ऐकू आलं नाही, परत सांगा

मी निघाले त्या सकाळी तलवाड्याच्या फाट्यावर माझाच फ्लेक्स लागला होता. आबांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, तो आदल्या दिवशी गेवराईहून छापून आणला होता. फोटो माझ्या बारावीच्या हॉल तिकिटावरचा, आणि डोक्यावर दुसऱ्याच कुणाची तरी पायलटची टोपी चिकटवलेली. टोपी मोठी पडल्यामुळे माझी एक भुवई दिसत नव्हती. खाली ‘पायलट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि शुभेच्छुकांची रांग. त्यात आबांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता. मी तोवर विमानतळ आतून पाहिलेलाही नव्हता. वैमानिकाची मेडिकल तपासणी पास झाली होती आणि फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेश मिळाला होता, एवढंच.

आबा, मी अजून काहीच झालेले नाही, असं मला म्हणायचं होतं. “हो आबा, छान आहे,” असं मी म्हणाले.

दसरा होऊन गेला होता. रस्त्याच्या पलीकडे ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक भरत होता. पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, वर बसलेल्या बायका. त्यांच्यात सुनीता होती. चौथीपर्यंत आम्ही गावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मग मला गेवराईच्या इंग्लिश मीडियमला घातलं आणि ती पुढच्याच वर्षी आईबापाबरोबर कारखान्यावर जायला लागली. तिने फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“लई गोरी दिसायलीस की त्यात.”

“मी नाही ती.”

“मग कोन हाय?” ती हसली. “परत कवा येनार?”

“माहीत नाही. तू?”

“पट्टा पडला की.” म्हणजे कारखाना बंद झाला की. तिला निदान ते ठाऊक होतं.

आबा सगळ्यांना सांगत होते, “घाबरायचं काय त्यात? ड्रायव्हरच तर व्हायचंय. ट्रॅक्टर तर घरचाच हाय.” लोक हसले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग गाडीत ठेवली, बाहेर काढली आणि पुन्हा नीट आडवी ठेवली. आईने माझ्या ओढणीचं टोक विनाकारण सरळ केलं आणि म्हणाली, “कुनाला उलटून बोलू नको. मोठं मानूस काय म्हनलं की हो म्हन.”

तुम्ही जे गावातले त्या दिवशी फाट्यावर होतात, तुम्हाला वाटलं असेल की मी तुम्हाला सोडून जायच्या दुःखाने रडते आहे. तसं नव्हतं. मी त्या फ्लेक्सला घाबरले होते. जमलं नाही, तर परत येताना याच्याखालूनच यावं लागणार होतं.

*

फ्लाइंग स्कूल दुसऱ्या राज्यात, एका लहान धावपट्टीच्या काठी आहे. सकाळी वर्ग, दुपारी फ्लाइंग, किंवा त्याच्या उलट. हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, हवाई नियम, इंजिन आणि यंत्रणा, रेडिओवरचं बोलणं, असे विषय. पुस्तकाची मला कधी भीती वाटली नाही. वाऱ्याचा त्रिकोण काढून विमान किती अंश भरकटेल ते मी वर्गात सगळ्यांच्या आधी काढायचे आणि वही झाकून ठेवायचे, कुणी उत्तर विचारू नये म्हणून. उत्तर द्यायचं तर बोलावं लागतं.

इंग्लिश मीडियमची मुलगी म्हणून गावात माझी चेष्टा व्हायची. ‘मॅडम’ म्हणायचे. पण आमच्या शाळेत इंग्रजी म्हणजे फळ्यावरून उतरवून घ्यायची भाषा होती. तोंडाने आम्ही सगळे मिळून ‘येस मिस’ म्हणायचो. चाळीस जणांच्या आवाजात माझा आवाज कधी वेगळा ऐकू आला नाही, आणि मला ते बरं वाटायचं.

रेडिओवर एका वेळी एकच माणूस बोलतो. ओठांजवळ माइक, कानावर हेडफोन, आणि बटण दाबलं की त्या आकाशातले सगळे तुमचंच ऐकतात. इंजिनाच्या आवाजात कंट्रोलर, म्हणजे टॉवरमधून विमानांना सूचना देणारा माणूस, भराभर बोलायचा. पहिल्या महिन्यात मला त्यातलं अर्धं कळायचं नाही. विमान वर नाक करून हळू होतं आणि मग पंखांखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं खाली पडतं, त्याला स्टॉल म्हणतात. तो सरांनी मुद्दाम करून दाखवला तेव्हा मी सीटची कड धरून बसले होते. तरी रेडिओच्या बटणाला मी त्याहून जास्त भ्यायचे.

आमचे इन्स्ट्रक्टर, कॅप्टन सर, आबांच्या वयाचे आहेत. मिशाही तशाच. ते काही म्हणाले की माझ्या तोंडातून आपोआप ‘येस सर’ निघायचं. समजलं असो नसो.

एका सकाळी आम्ही दोघं विमान जमिनीवरून हळूहळू धावपट्टीकडे नेत होतो. नेत मीच होते, सर शेजारी. टॉवरमधून सूचना आली. वाऱ्यात आणि खरखरीत मला आमच्या विमानाच्या नावाची अक्षरं तेवढी ऐकू आली. पुढचं काही नाही. सांगणारा माणूस मोठा असणार, घाईत असणार, त्याला परत विचारायचं म्हणजे त्याने पुरेसं नीट सांगितलं नाही असं म्हणण्यासारखं. मी बटण दाबलं आणि म्हणाले, “रॉजर.”

रॉजर म्हणजे तुमचं बोलणं मला मिळालं. मला काहीच मिळालेलं नव्हतं.

धावपट्टीच्या अलीकडे डांबरावर पिवळ्या रेघा असतात. परवानगीशिवाय त्या ओलांडायच्या नाहीत. पुढचं चाक रेघेवर जाणार, तेवढ्यात सरांनी दोन्ही ब्रेक दाबले. मी सीटच्या पट्ट्यासकट पुढे फेकले गेले. हेडफोनमध्ये कंट्रोलर चढ्या आवाजात विचारत होता की तुम्ही थांबला आहात ना. मग आमच्या समोरून, डावीकडून उजवीकडे, एक विमान उतरत गेलं. इतकं जवळून, की आत बसलेल्या मुलाचा निळा शर्ट मला दिसला. तो माझ्याच वर्गातला होता.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विमान स्वतः जागेवर नेऊन लावलं, इंजिन बंद केलं. मग त्यांनी विचारलं, “सुना था?”

“नो सर.”

“तो बोला क्यों नहीं, कि नहीं सुना?”

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

त्यांनी माझं फ्लाइंग चार दिवस बंद केलं. टॉवरमध्ये एका कोपऱ्यात बसून नुसतं ऐकायचं. आणि पुन्हा असं झालं तर सोलोच्या, म्हणजे एकटीने उडायच्या, कागदावर सही करणार नाही, असं सांगितलं. सही नाही म्हणजे सोलो नाही, सोलो नाही म्हणजे पुढचं काहीच नाही. मला फाट्यावरची ती टोपी दिसायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी घरी फोन लावला. जमत नाही, मी परत येते, हे वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. आईने उचलला. मागे वारा होता, म्हणजे ती शेतात होती.

“जेवलीस का? थांब जरा, तुजे अन्ना हिरीत हायेत. मी डब्यापाशी हाय.”

डबा म्हणजे मोटारीचा स्टार्टर. मी असताना ते काम माझं होतं. मोटार पाणी धरत नसली की अण्णा विहिरीत उतरतात, खाली काहीतरी खोलतात, बसवतात, आणि चालू करून बघायला सांगतात. विहिरीत उतरलेला माणूस डब्यापासून दिसत नाही. फक्त आवाज येतो. आमच्या शेतात याचा एक नियम आहे. खालून जे सांगितलं जाईल ते वरच्याने तसंच्या तसं ओरडून परत म्हणायचं आणि मगच हिरव्या बटणाला बोट लावायचं.

हा नियम मी लहान होते तेव्हापासूनचा. त्या वेळी डब्यापाशी एक सालगडी होता. अण्णा खालून काही ओरडले, त्याला ते ऐकू आलं नाही, आणि मालकाला परत कसं विचारावं म्हणून तो “हो” म्हणाला आणि अंदाजाने बटण दाबलं. अण्णांच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत. अण्णा त्याला कधी बोलले नाहीत. फक्त नंतर मला डब्यापाशी उभं करून म्हणाले होते, “आयकू न्हाई आलं तर इचार. धा येळा इचार. हितं कोनी मालक न्हाई.”

फोनमध्ये मला खोलवरून अण्णांचा आवाज ऐकू आला, शब्द नाहीत. आणि मग आईचा, फोन तोंडाशीच असल्यामुळे कान फुटेल इतका मोठा:

“आयकू न्हाई आलं! परत सांगा!”

पुन्हा खालून आवाज.

“हात घातलाय! मोटार लावत न्हाई!”

ही माझी आई. घरात अण्णांनी भाजीला मीठ कमी म्हटलं तर मान खाली घालून मिठाची बरणी सरकवते. आबांसमोर पदर सावरून दाराआड उभी राहते. मला फाट्यावर हो म्हणायला शिकवणारी हीच.

“हां, बोल,” ती मला म्हणाली. “काय म्हनत होतीस?”

“काही नाही. जेवले.”

“आवाज कावून असा येतोय?”

“वारा आहे इथे.”

“हितं बी हाय,” ती म्हणाली. “ठेव. ते वर येऊस्तर मला फोनवर बोलायचं न्हाई.”

मी पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं.

उरलेले दिवस मी टॉवरमध्ये बसले. तिथून सगळी विमानं लहान दिसतात आणि आवाज मात्र सगळे कानाशी. मी मोजलं नाही, पण ‘से अगेन’, म्हणजे परत सांगा, हे शब्द मला सारखे ऐकू येत होते. अनुभवी वैमानिक म्हणत होते, एकदा तर कंट्रोलर स्वतःच म्हणाला. कुणीही वरमलं नाही. आणि प्रत्येक सूचना खाली-वर तशीच्या तशी परत म्हटली जात होती. हे सगळं नियमांच्या पुस्तकात होतं. त्यावरच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी होते.

*

सोलोच्या सकाळी कॅप्टन सर इंजिन चालू असतानाच उतरले आणि त्यांनी त्यांच्या बाजूचा दरवाजा लावला. “एक चक्कर, और वापस,” एवढंच बोलले. शेजारची सीट रिकामी झाली की विमान हलकं होतं, लवकर उचलतं. हे पुस्तकात वाचलेलं असूनही मला वाटलं की काहीतरी बिघडलं आहे. वर गेल्यावर एक गोष्ट स्वच्छ कळली, की आता मला खाली आणणारं दुसरं कुणी नाही.

धावपट्टीला समांतर जात असताना टॉवरने काहीतरी सांगितलं. माझी अक्षरं ऐकू आली, मग खरखर.

जीभ ‘रॉजर’वर येऊन बसली होती. अजूनही ती आधी तिथेच जाते. मी बटण दाबलं.

“से अगेन.”

माझाच आवाज मला हेडफोनमध्ये ऐकू आला. बारीक, कापरा, पण माझा एकटीचा. कंट्रोलरने न चिडता परत सांगितलं: तुझ्या आधी दुसरं विमान उतरतं आहे, तू वळू नको, सरळ आणखी पुढे जा. मी ते शब्द न् शब्द परत म्हटलं. मग ते विमान शोधलं. ते माझ्या खाली डावीकडे होतं, मी वळले असते तर नेमकं तिथेच गेले असते.

उतरताना विमानाने एकदा उडी मारली. मुलांनी रिवाजाप्रमाणे डोक्यावर पाण्याची बादली ओतली. सरांनी सही केली आणि म्हणाले की लँडिंग खराब होतं. मला हसू येत होतं आणि दातावर दात आपटत होते. मुलांना वाटलं, पाणी थंड आहे.

*

माझ्यासारख्या गाव सोडून कुठे कुठे गेलेल्या मुलींना भीती गेली असं सांगायला मला आवडलं असतं. गेलेली नाही. लायसन्स अजून लांब आहे, तास पुरे व्हायचे आहेत, पेपर राहिले आहेत. प्रत्येक उड्डाणाआधी माझे तळहात ओले होतात आणि मी ते पँटला पुसते.

मध्ये चार दिवस घरी गेले होते. फाट्यावरचा फ्लेक्स नव्हता. वादळात फाटल्यावर अण्णांनी तो आणून कडब्याच्या गंजीवर टाकला होता, त्यावर दगड ठेवले होते. टोपी आणि एक डोळा तेवढा दिसत होता. जेवताना आबा म्हणाले, “आता नवा लावू. मोठा.”

“नको, आबा,” मी म्हणाले.

आईचा हात परातीत थांबला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हनलीस?”

त्यांना ऐकू आलं होतं. पण त्यांनी विचारलं, म्हणून मी परत सांगितलं. “नको म्हणाले. लायसन्स मिळाल्यावर लावा.”

आबा थोडा वेळ भाकरी चावत राहिले. “बरं,” म्हणाले. “लायसन मिळाल्यावर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीने पुन्हा पाणी धरायचं सोडलं. आई डब्याकडे निघाली, तर अण्णा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. ती हाय की.” ते पायऱ्या उतरून गेले. आधी डोकं दिसेनासं झालं, मग खोकला ऐकू येईनासा झाला. मी स्टार्टरसमोर उभी राहिले. तळहात ओले झाले, ते मी ओढणीला पुसले, आणि हात बटणापासून लांब, पाठीमागे बांधून ठेवले. घर म्हटलं की आता मला हीच जागा आठवते. खाली आपलं माणूस आहे, ते दिसत नाही, आणि आपण कान देऊन उभे आहोत.

खालून आवाज आला. वारा होता.

“ऐकू आलं नाही, अण्णा!” मी ओरडले. “परत सांगा!”